पोस्टच्या वाटेवर मारलेली एक हाक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची पलटण सीमेवरच्या उंच, बर्फाळ भागात होती. मी जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचा, काशिनाथ मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. सेक्शनमध्ये आमच्या भागातले आम्ही दोघेच. बंकरमध्ये शेजारी झोपायचो आणि घरच्या बोलीत बोलायचो.

करमणूक म्हणजे एक ट्रान्झिस्टर. त्यावर हिंदी श्रुतिका लागायच्या, भुताखेतांच्या. दार करकरायचं, वारा घोंघावायचा, बाई हसायची. बाहेर खरा वारा बंकर हलवत असायचा आणि जवान घाबरायचे स्टुडिओतल्या वाऱ्याला. मला हसू यायचं. एका श्रुतिकेत नदीपलीकडून भूत नायकाला नावानं हाक मारतं. तो ओ देतो आणि मरतो.

"पयल्याच हाकंला ओ दिली. मरल नाय त काय?" काशिनाथ म्हणाला.

आमच्याकडे हे पोरांना बोलायला येतं तेव्हाच शिकवतात. माणूस दिसत नसताना नावानं हाक आली तर गप्प राहायचं. भूत एकदाच हाक मारतं. तिसरी आली की समजायचं, माणूस आहे.

त्याच आठवड्यात रॉकेलचे जेरीकॅन घेऊन वर येत असताना दुपारीच दाट धुकं उतरलं. काशिनाथ शेवटी होता. पोस्टवर पोहोचलो तेव्हा तो मागे नव्हता. हवालदारसाहेबांनी वायरलेस सेटवर कंपनीला कळवलं. तिकडून हुकूम आला:

"सर्च करो. एक जगह एक ही आवाज़. ओव्हर."

समोर शत्रूची पोस्ट होती. आवाजाच्या अंदाजानं ते फायर करायचे. हुकूम चूक नव्हता, पण देणाऱ्याला आमचा मुलूख ठाऊक नव्हता.

"साब, तीन आवाज़ के बिना वो जवाब नहीं देगा," मी हवालदारसाहेबांना म्हणालो.

"पागल है क्या? आगे बढ़."

प्रत्येक वळणावर एक हाक मारली आणि पुढे सरकलो. कुठूनच उत्तर आलं नाही.

सकाळी धुकं फाटलं. मी पहिली हाक मारली त्या कड्याच्या अगदी खाली तो बसला होता, पाय मोडलेला. श्वास चालू होता.

"हाक आयकली तुझी," तो म्हणाला. "एकच आली."

हेलिकॉप्टर येईपर्यंत तो संपला. रिपोर्टात कारण लिहिलं, खराब हवामान. हे दोन शब्द आठवले की आजही तोंड कडू होतं.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची आई नाचणीच्या भाकऱ्या थापत होती.

"हाक मारली व्हतीस का रं त्याला?"

"मारली, आये."

"किती येळा?"

"एकदाच. हुकूम व्हता."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "मंग पोरगा चुकला नाय. मीच शिकवलेला," ती म्हणाली आणि मला जेवायला बसवलं.

माझी पोरं पहिल्या हाकेला ओ देतात. दटावून, प्रसंगी मारूनही मी ते शिकवलंय. गावात म्हणतात, फौजीनं स्वतःची पोरं भुताच्या तोंडी दिली. म्हणू देत. धाकट्याचं नाव काशिनाथ आहे. एका हाकेत येतो.