मागचं दार

परवा नव्या बसचं दार फुस्स करून आपोआप मिटलं आणि मला मुलचेऱ्याकडचा आमचा थांबा आठवला. लहान होते मी. एसटीचं दार तेव्हा मागच्या बाजूला असायचं आणि नेमकं मोहाच्या झाडासमोर यायचं, म्हणून सगळे तिथंच थैल्या मांडून जागा धरायचे. त्या दिवशी नवीच गाडी आली, रंगाचा वास मारणारी, आणि आमच्यासमोर नुसता लाल पत्रा! "दार कुठी गेलं वो?" म्हणत माणसं गाडीभोवती फिरू लागली. दार पुढं गेलंय हे कळेपर्यंत पुढचे चढलेसुद्धा आणि घंटी वाजली. आई मला ओढत गाडीच्या पाठीमागं धावली. तिथं एक दार दिसलं. तिनं दांडा खेचला, मला आत ढकललं आणि टपाच्या शिडीवर पाय देऊन स्वतः चढली. कंडक्टर ओरडला, "बाई, ते संकटाचं दार हाये! काऊन उघडलं?" आई धापा टाकत म्हणाली, "मंग संकटच त हाये, भाऊ. हिचा बाप गडचिरोलीले दवाखान्यात हाये." त्यानं दार ओढून लावलं आणि तिकिटं फाडली. मी दारावरची अक्षरं जुळवून वाचली: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. मग आपण आत कसे आलो, हे मला गडचिरोली येईपर्यंत कळेना. बरे झालेल्या बाबांना घेऊन परतताना आईनं त्यांना पुढच्या दारानं चढवलं, आणि स्वतः मागं जाऊन संकटाच्या दाराचा दांडा नीट लागलाय का, ते हलवून बघून आली. परवाही बसमध्ये मी आधी तेच दार शोधलं, आणि दांडा हलवून बघायला गेलेला हात कसाबसा आवरला.