सुगंधाकाकीची सोलं

विजयदुर्गच्या जेटीवरून सुगंधाकाकी मासळीची पाटी घेऊन निघाली की तिच्याआधी तिचा आवाज आमच्या मागीलदारी पोचायचा. "विमला गो, बांगडे इलेत. मगे माका दोष देव नको." विमला म्हणजे माझी आई. पाटी रिकामी झाली की काकी आमच्याच पायरीवर बसून मशेरी लावायची. भाजलेल्या तंबाखूचा तो करपट वास मला अजून आवडतो. कर्करोगावर काम करणाऱ्या मुलीने हे लिहू नये खरं तर.

मे महिन्यात ती सोलं करायची. कोकमाच्या साली रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. बाकीच्या बायका तीन-चारदा बुडवत, काकी सातदा. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर कोकमाचा अर्क घालून पाहायचं ठरलं, तेव्हा मी तिचीच सोलं नेली. बशीतल्या बऱ्याच पेशी मेल्या. मी आनंदाने घरी फोन करून काकीलाही सांगितलं.

गणपतीला गावी आले तेव्हा काकीच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. कणकवलीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितल्याला दोन महिने झाले होते. काकी मात्र रोज मशेरी लावून, वर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तोंडात धरून बसत होती.

"माका डॉक्टर कित्याक? तूच सांगलंस मा, माझ्या सोलांनी कॅन्सर मेलो म्हणान."

"तो बशीतलो, काकी."

"बशीतलो काय नि तोंडातलो काय."

"त्या बशीत शाम्पू वतलो तरी पेशी मरतत. म्हणान तोंडात शाम्पू धरशीत?"

तिने आगळाची वाटी खाली ठेवली. "मगे इतकी वर्सां शिकान तू करतंस काय गो?"

"उद्या माझ्यावांगडा कणकवलीक चल," मी एवढंच म्हटलं.

ती आली.

तपासणीत कर्करोग निघाला. ऑपरेशन करून गालाचा बराच भाग काढायचा ठरला. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आला असतात, तर एवढं कापावं लागलं नसतं."

मी मान खाली घातली. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि जमेल तशा शुद्ध मराठीत त्यांना म्हणाली, "माझीच चूक, डॉक्टर. मासे टाकून यायला जमलं नाही."