केळीखालची ओल

"हिमोग्लोबिन पुन्हा सहा!" डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. "लोहाच्या गोळ्या घेते की फेकते ही?"

"फेकतीच असंल," सासू म्हणाली. "काम नको हिला नुसतं. म्हायेरी धाडते आता."

तिची सून सुनंदा भिंतीला टेकून उभी. पाचवा महिना, ओठ पांढरे. एवढ्या कमी रक्तावर बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ.

आळेफाट्याजवळच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाजवल्याचे व्रण दिसले. डॉक्टरांना विचारून शौचाची तपासणी केली. स्लाइडवर हुकवर्मची अंडी. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी विष्ठेतून ओल्या मातीत पडतात, तिथे अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. गोळ्यांनी रक्त वाढायचं, जंत ते पिऊन टाकायचे.

"आमच्यात घाण न्हाई बाई," सासू भडकली. "रोज सारवतो."

"भांडी कुठे घासता?"

"मागं, केळीपाशी. मोरीचं पाणी जातं तिथं."

"आणि पोरं शौचाला कुठे बसतात?"

"तिथंच. लांब कशी धाडू? उसात बिबट्या हाय!"

"संडास नाही?"

"हाय की. गोवऱ्या भरल्यात."

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी म्हटलं, "हिला चप्पल घ्या. नाहीतर पुन्हा होईल."

"सासऱ्याम्होरं सून चपला घालून फिरंल व्हय?"

मी सासूला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. डोळा लावून तिने ती अंडी पाहिली. मग सुनेच्या पायांकडे पाहिलं आणि उठली.

पुढच्या तपासणीला दोघी आल्या. दोघींच्या पायांत सारख्याच निळ्या स्लिपर.

"आधी मीच घातली," सासू म्हणाली. "अंगणात म्हाताऱ्याम्होरनं चार येरझाऱ्या मारल्या. बघतच राह्यला! मग हिला म्हणलं, घाल आता. गोवऱ्या बी काढल्या. पोरं संडासात जात्यात."

रिपोर्टमध्ये रक्त वाढलेलं होतं. सुनंदाला दिवस भरल्यावर मुलगी झाली, दोघी सुखरूप.

माझं काम स्लाइडवर संपतं. पुढचं त्या बाईने केलं, तेही नवऱ्यासमोर, भर अंगणात. मी तिची आजही ऋणी आहे. तेव्हापासून रक्त कमी असलेली बाई आली की सुई टोचायच्या आधी मी तिला विचारते, भांडी कुठे घासता आणि पायात काय असतं?