मानेवरचा कापूस

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंदूशीही कधी बोललो नाही — तिला सांगण्यासारखं काय होतं, ती तिथेच होती. आज लिहितोय. का, ते मलाही नीट कळत नाही. ती जाऊन सोळा दिवस झाले.

लालबागच्या आमच्या चाळीच्या वाचनालयात माझी ओळख एकच — विलायती सिनेमाचा जाणकार. विमा कंपनीतला कारकून ब्रिटिश चित्रपटांवर मराठीत बोलतो, लिहितो, याचं लोकांना कौतुक होतं. त्या सिनेमांत माणसं ओरडत नाहीत, असं मी सांगायचो. चहा ओततात, टोपी खुंटीला अडकवतात, आणि तेवढ्यात काहीतरी कायमचं मोडतं. खरंच होतं ते. पण ते आधी दिसलं कुणाला?

रविवारी सकाळी फोर्टातल्या एका थिएटरात असे सिनेमे लागत. लग्न झाल्यावर मी इंदूला बरोबर नेऊ लागलो. मूळची मालवणकडची, वाढली परळला, शिकली मराठी चौथीपर्यंत. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मी शेजारी बसून संवाद पकडायच्या धडपडीत — भराभर बोलणं, अर्धं नाकातलं. एक शब्द निसटला की पुढची पाच मिनिटं गेलीच. तिचं काही निसटत नव्हतं. ती नुसती बघायची.

एक सिनेमा कोळशाच्या खाणीच्या गावातला होता. नवरा खाणीतून येतो, शेगडीपुढे टबात बसतो, बायको त्याच्या पाठीवर पाणी ओतते. असं दोन-तीनदा. मग एकदा ती भांडं त्याच्या हाताशी ठेवते आणि बाहेर निघून जाते. पुढे त्यांचं लांबलचक भांडण. मी वाक्यन्‌वाक्य ऐकलं, आणि घरी येताना तिला अर्थ सांगू लागलो.

"राहू दे हो," ती म्हणाली. "मेल्याची पाठ काळी राहिली, तेव्हाच कळलं मला. स्वतःचा हात पोचतो काय पाठीला? आमचे बाबा गिरणीतून यायचे, तर मानेवर कापूस. आई रागावली की तेवढा झटकायची नाही. बाकी सगळं करायची."

मी थांबलो होतो, आठवतं. रस्त्यातच.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची ती वर्षं. कामगार मैदानावर सभा, घराघरात तोच विषय. वाचनालयात कुणीतरी म्हणालं, गोरे गेले, आता त्यांच्या सिनेमांचं कौतुक कशाला? उत्तर म्हणून माझं व्याख्यान ठरलं. मी म्हणालो, हा सिनेमा फोर्टातल्या साहेबापेक्षा गिरणगावातल्या माणसाला जास्त कळेल. त्याला इंग्रजी यायची गरज नाही, डोळे आहेत, घर आहे. मग ती काळी पाठ सांगितली. मानेवरचा कापूसही सांगितला — 'आमच्या घरी' असं म्हणून. माझे वडील तर कोकणात शाळामास्तर होते. गिरणीचं दारही त्यांनी पाहिलं नव्हतं.

टाळ्या खूप पडल्या. बायकांच्या रांगेत इंदू बसली होती. तिनेही वाजवल्या असतील — मी तिकडे पाहिलं नाही.

नंतर चार-पाच मित्र घरी चहाला आले. वाचनालयाचा चिटणीस दत्तू मांडी ठोकत म्हणाला, "नाना, त्या पाठीचं काय बोललास रे! खरं सांग, वहिनींना नेतोस ना दर रविवारी? हे डोकं त्यांचं तर नाही?"

थट्टाच होती. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो?

"तिला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. "पंख्याखाली बसायला येते, झालं."

सगळे हसले. मी जरा मोठ्यानेच.

आमची खोली एकच. स्वयंपाकाचा कोपरा आणि बैठक यांच्यात एक पडदा. स्टोव्हच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. स्टोव्ह बंद होता. चहा कपांत ओतून झाला होता. ती ट्रे घेऊन बाहेर आली, दत्तूला म्हणाली, "भावजी, साखर बघा पुरे आहे का."

पुढच्या रविवारी म्हणाली, "आज तुम्ही जा. कपडे भिजवलेत मी." त्यानंतर दर रविवारी कपडे भिजवलेले असत.

मी एकटा जात राहिलो. लिहीतही राहिलो. दिग्दर्शकांची नावं, संवादांचे अर्थ, इतिहास — सगळं असायचं त्यात. पाठ नसायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा प्रत्येक लेख इंदू वाचायची, घडी घालून परत द्यायची. "छान झालाय," म्हणायची. ती कधी एका शब्दाने काही बोलली नाही. मीही नाही. एवढी वर्षं, एका खोलीत.

बाराव्याला दत्तू आला. आता काठी लागते त्याला. पडद्याशेजारी भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "वहिनींनी तुझं सिनेमाचं वेड जन्मभर सांभाळलं रे, नाना. त्यातलं काही कळत नसताना."

"हो ना," मी म्हणालो.