दाणे की वीस खेपा

घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं बैलाचे दात बघून वय सांगणारा कानिफनाथ दलाल गेला आठवडाभर एका जागी दहा मिनिटं टिकत नव्हता. गोठ्यात जायचा, परत यायचा, अर्धा चहा टाकून उठायचा. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. अगदी सुरुवातीचा, म्हणून नगरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर किरणं सोडणारे बारीक दाणे आत कायमचे बसवायचे. एका दिवसाचं काम. नाहीतर यंत्राखाली झोपून बाहेरून किरणं घ्यायची. चार आठवडे, वीस खेपा.

"तुमच्या बाबतीत गुण दोन्हींचा सारखाच. ठरवा तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

त्याचं मनातून ठरलंच होतं. दाणे. बाजार फार बुडणार नाही, कुणाला पत्ता लागणार नाही. महिनाभर दिसलो नाही तर लोक खोदून विचारणार, आणि दुखणं तरी कुठल्या जागेचं!

पण त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, दवाखान्याचा कागद वाचला. दाणे बसवल्यावर दोन महिने गरोदर बाईच्या जवळ फार वेळ बसायचं नाही, तान्ह्याला मांडीवर घ्यायचं नाही. आणि आठवा लागलेली त्यांची लेक अश्विनी रविवारी पहिल्या बाळंतपणाला यायची होती.

"तिला तिकडंच ऱ्हाऊ दे म्हनावं," कानिफनाथ म्हणाला.

"पहिलं बाळंतपन सासरी? आन् का म्हनून सांगू?"

"सांग कायतरी."

"तुमीच सांगा की. म्हातारा बैल तरना म्हनून खपवता, त्येवढं जमंल."

तो फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. तेवढ्यात अश्विनीचाच आला. "आप्पा, मागच्या खोलीतली पोती हलवा बरं. मला तिथंच झोपायचंय."

"हलवतो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग त्यानं दवाखान्याला फोन लावला. "मशीनच्या खेपा लिवा. पन त्यानंतर घरी लेकीजवळ बसलं तर चालतं ना?"

"चालतं, काका. अंगात काही राहत नाही."

पहिली खेप नेमकी बाजाराच्या दिवशी आली. पाणी पाजून, लघवी धरून थांबायला सांगितलेलं. तो भिंतीकडून दाराकडं येरझाऱ्या घालत होता. बाजारातल्या बिभीषणचा फोन आला.

"आप्पा, कुठं हाय? गिऱ्हाईक थांबलंय."

लग्नाला आलोय, असं ओठावर आलं होतं. पण पुढच्या एकोणीस दिवसांना लग्नं कुठून आणायची?

"दवाखान्यात. कॅन्सर हाय. महिनाभर येनार न्हाई, सांग समद्यांना."



"कुठं झालाय, आप्पा?"

"लघवीच्या वाटंवर. ठेव आता, तिथंच कळ लागलीय."