गाठ बरी आहे!

पॅथॉलॉजीतले किस्से फॉर्मॅलिनच्या बरण्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि घरी आणायची सोय नाही! नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं मी लखनौच्या एका हॉस्पिटलात काढली. चरबीत, स्नायूत उगवणाऱ्या गाठींना नाव द्यायचं, हे माझं काम. मायक्रोस्कोपखाली मेल्या सगळ्या सारख्याच दिसतात, लांबट पेशींचा नुसता गुंता. पण नाव चुकलं की कुणाचा तरी पाय जातो. म्हणून आमची भांडणं व्हायची ती नावावरूनच.

*

आमचे हेड तिवारी सर. तोंडात कायम बडीशेप. ज्या गाठीचं गोत्र सापडत नाही तिला द्यायला तेव्हा एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. सर म्हणायचे, "अरे, ये तो धर्मशाला है! जिसका पता न मिले, यहीं ठहरा दो."

पुढे पेशी रंगवून ओळखायचे नवे स्टेन आले आणि एकेकीचं खरं घराणं कळायला लागलं. मी विचारलं, "सर, अब धर्मशाला का क्या होगा?"

"बोर्ड रहेगा मॅडम, मेहमान नहीं!"

*

एकदा एक गृहस्थ भावाच्या दंडातली गाठ चक्क आंब्याच्या लोणच्याच्या बरणीत घेऊन आले. वर म्हणाले, "नमक डाल दिया है, ख़राब न हो." माझं डोकंच फिरलं!

तरी त्यातून जे हाती लागलं ते पाहिलं, तर इतकी दुर्मिळ गाठ की आम्ही फक्त पुस्तकात पाहिलेली. सर बरणी हुंगत म्हणाले, "मॅडम, लेबल पर लिखिए. आम नहीं, ख़ास!"

*

इंदिरा नगरच्या घरी नवरा दुधी चिरत होता. मी गाठ काढणाऱ्या सर्जनला सांगावं तसं सहज म्हटलं, "अहो, कडा जरा लांबून कापा, मार्जिन मोकळी हवी."

शेजारी जेवत बसलेला लेक ताटावरून उठलाच. "मम्मी, यार, खाने के टाइम नहीं!" मराठी सगळं कळतं लेकाला, बोलायचं मात्र हिंदीत.

*

माझं हिंदी तसं बरं होतं, पण आनंद झाला की मराठी सुटायची. तेलीबागच्या एका बाईंच्या मांडीतली गाठ साधी चरबीची निघाली. मी उत्साहात सांगितलं, "बरी है! गाँठ एकदम बरी है!"

बाईंनी ऐकलं 'बुरी'. मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. समजूत काढता काढता आमच्या नाकी नऊ आले.

सरांनी त्या दिवशी तंबी दिली, "आज से आपकी 'बरी' बंद! सिर्फ़ 'ठीक है' बोलिए."

*

मग आले मुंशीजी. कोर्टात एका वकिलाकडे अर्ज लिहिणारे, साठीला टेकलेले. उजव्या हातावर, मनगटाच्या वर, बघता बघता वाढलेली गाठ. बाहेरचा रिपोर्ट कॅन्सरचा. सर्जननी हात काढायचं ठरवलेलं, उद्याच ऑपरेशन. मुंशीजी वॉर्डात डाव्या हाताने सही गिरवत बसले होते. मला ते बघवलं नाही.

स्लाइड पाहिली. पेशी भराभर वाढत होत्या हे खरं, पण त्यांच्यात वेडंवाकडं काहीच नव्हतं. काही गाठी असा दंगा करतात आणि आपसूक शांत होतात. ही त्यातली. मी सरांना तसं म्हटलं.

सर खवळले. "ग़लत निकलीं, तो आदमी जाएगा!"

"और आप ग़लत निकले, तो हाथ!" मीही हटले नाही.

सर पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. बडीशेप चघळणं थांबलं. बऱ्याच वेळाने मान न उचलता म्हणाले, "सर्जन को फ़ोन लगाइए. हाथ रहेगा."

मी वॉर्डात धावतच गेले आणि सरांची तंबी पार विसरले. "मुंशीजी, बरी! बरी है!"

बोलले आणि जीभ चावली. आता हेही कोसळणार!

मुंशीजी हळूच उभे राहिले. उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला. डोळे भरलेले, पण आवाज कोर्टातला, जिथे आरोपीच्या निर्दोष सुटण्यालाच 'बरी' म्हणतात.

"मॅडम, बाइज़्ज़त बरी? या शक का फ़ायदा देकर?"