वरचा बँड ऐकायचा की खालचा?

धनाजीच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली हात घातला की काहीही निघतं. एका पायाची चप्पल, चिरमुऱ्यांचा पुडा, कुणाच्या तरी चष्म्याचं घर. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं आणि बाहेरही कुणी काढत नाही. आमच्या कंपूचे किस्से असेच साचलेत. परवा विजया मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचे फोटो काढता, मग हे कधी लिहून काढणार?" माझा मलकापुरात फोटो स्टुडिओ आहे, म्हणून हा टोमणा. म्हटलं चला, आज सीटखाली हात घालूच.

कंपू पाच जणांचा. तात्या म्हणजे लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून रिटायर झालेले हवालदार. त्यांच्या मंडळी म्हणजे आमच्या काकू. धनाजी उसाचा बागायतदार आणि जीपचा मालक. विजया मॅडम बँकेत. आणि मी. वय वेगळं, धंदा वेगळा, पण वेड एकच. ब्रास बँड! लग्नाच्या वरातीत लोक नवरदेव बघतात, आम्ही ट्रम्पेटवाला बघतो.

आष्ट्याच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या जत्रेत बँडांचा मेळा भरतो आणि आम्ही दरवर्षी जातो. दरवर्षी पंचाईतही तीच. गावात एका वेळी दोन स्टेज! एक वरच्या आळीचं, एक खालच्या आळीचं, आणि मधे सरळसोट रस्ता. दोन्हीकडं एकदमच सुरू होतं. वरचा बँड ऐकावा तर खालचा हुकतो, खालचा ऐकावा तर वरचा. जीव अगदी मेटाकुटीला येतो हो!

*

आता तुम्ही म्हणाल, एकानं आधी वाजवावं, एकानं नंतर. एवढं साधं त्यांना कळत नाही का?

कळतं ना! एका वर्षी त्यावर देवळात बैठक बसली. आम्ही लवकर पोचलो होतो, म्हणून आम्हीही मागं जाऊन बसलो. एका स्टेजनं तासभर उशिरा सुरू करावं, असं ठरलं. दोन्ही आळ्या एका सुरात "व्हय" म्हणाल्या. आम्हाला आनंदाचं भरतं आलं.

मग कुणीतरी विचारलं, "उशिरा कोण करणार?"

"ते!" दोन्ही आळ्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

झालं. आवाज चढले, टोप्या सरकल्या, कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचा मानपान निघाला. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उठले. गावात त्यांचा शब्द मोडत नाहीत म्हणे. त्यांनी हात वर केला आणि निकाल दिला, "भांडू नगासा. दोघंबी तासभर उशिरा सुरू करा!"

सगळ्यांना पटलं! तेव्हापासून दोन्ही स्टेज एकदमच सुरू होतात. फक्त तासभर उशिरा.

*

विजया मॅडमना हे सहन होईना. पुढच्या वर्षी त्या मोबाईलवर वेळापत्रक करून आल्या. वरच्या आळीचे बँड गुलाबी रंगात, खालच्या आळीचे हिरव्या रंगात. कधी उठायचं, कधी चालायचं, वाटेत उसाचा रस कुठं प्यायचा, सगळं ठरलेलं. धनाजी म्हणाला, "मॅडम, लघवीचा रंग कुठला ठेवलाय?" मॅडमनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पहिल्यांदा वरच्या आळीत गेलो. लाल कोटातला बँड होता. चांगला वाजवत होता, पण मॅडम सारख्या मोबाईलमध्ये बघत होत्या. ऐन रंगात आलं आणि त्या उठल्या. "चला, हिरवं!" आम्ही निमूट उठलो. रस पिऊन खालच्या आळीत गेलो, तर तिथं अजून खुर्च्याच मांडत होते. थोड्या वेळानं निळ्या कोटातला बँड घाईघाईनं स्टेजवर चढला आणि काय वाजवलाय म्हणता! टाळ्या वाजवून मॅडमचे हात लाल झाले.

"बघा! मी सांगत नव्हते? वरच्यांपेक्षा हे कितीतरी सरस आहेत. सुरांची समजच वेगळी!"

धनाजी मघापासून बड्या ढोलवाल्याकडं टक लावून बघत होता. त्या ढोलवाल्याच्या गळ्यात केवढा तरी मफलर होता, उन्हाळ्यात! असाच मफलर वरच्या आळीतल्या ढोलवाल्याच्या गळ्यात होता. धनाजी स्टेजजवळ गेला, ढोलवाल्याशी काहीतरी बोलला आणि हसत हसत परत आला.

"मॅडम, बँड एकच हाय! दोन्ही आळ्यांची सुपारी घेतलीया. वरचं उरकलं, ट्रॅक्टरमधनं मळ्याच्या वाटेनं आले आणि नुसते कोट बदलले!"

आम्हाला हसू आवरेना. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "असू दे. निळ्या कोटात ते जास्त चांगलं वाजवतात."

*

एका वर्षी माणदेशाकडची धनगर मंडळी गजी ढोल घेऊन आली. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. वरच्या आळीला वाटलं, खालच्यांनी बोलावलं. खालच्यांना वाटलं, वरच्यांनी. त्यामुळं त्यांना स्टेज द्यायला कुणी तयार होईना. त्यांच्या म्होरक्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मधल्या रस्त्यावरच ढोल उतरवले.

पहिली थाप पडली आणि वरच्या आळीतल्या मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. दुसरी पडली, खालच्या आळीतली बायामाणसं उठली. हळूहळू सगळं गाव रस्त्यावर! रंगीत रुमाल हवेत उडताहेत, धूळ उठलीय, आणि मधे आमच्या काकू पदर खोचून नाचताहेत. दोन्ही स्टेजवरचे बँडवाले कुणासाठी वाजवणार? तेही टोप्या काढून आले आणि नाचायला लागले. असा आनंद मी फार थोड्या वेळा बघितलाय. वरचा आणि खालचा हे शब्दच कुणाच्या तोंडी नव्हते.

ढोल थांबले. म्होरक्यानं घाम पुसत विचारलं, "नारळ कोण देणार?"

वरची आळी म्हणाली, "आमी! रस्ता आमचा हाय!"

खालची आळी म्हणाली, "रस्ता तुमचा कवापासनं?"

की पुन्हा सुरू!

*

तात्यांच्या कानाचं सांगायचं राहिलं. लष्कराच्या बँडमध्ये रांगेत तात्यांची जागा ठरलेली होती, आणि त्यांच्या उजव्या हाताला बडा ढोल. सगळी नोकरी त्या ढोलाशेजारी गेली. परिणाम व्हायचा तो झाला. उजव्या कानानं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तात्यांना त्याचं दुःख नाही. "उजवा पेन्शनीत गेला," ते म्हणतात, "डावा अजून ड्युटीवर हाय."

घरात काकूंना काही खरमरीत बोलायचं असलं की त्या डावीकडं येऊन बसतात. तात्या सावकाश उठतात, पाणी पितात आणि काकूंच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसतात. "आता बोल," म्हणतात, "मी ऐकतोय!"

जीपमध्ये मात्र तात्या कायम पुढं, ड्रायव्हरशेजारी. मला वाटायचं वयाचा मान. एकदा विजया मॅडमना गाडी लागत होती, म्हणून मी म्हटलं, "तात्या, आज मॅडमना पुढं बसू देता का?" तात्यांचा चेहरा पडला. धनाजी डिझेल भरायला उतरल्यावर ते मागं वळून हळूच म्हणाले, "गड्या, मानाची सीट म्हणून न्हाई रं बसत. धनाजी गाडी चालवताना गातो!"

आम्ही तिघं मागं बसून दोन्ही कानांनी ते गाणं ऐकत इतकी वर्षं काढली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तात्यांचा हेवा वाटला.

*

आणि आता यंदाचं.

तात्यांचा मुलगा अमोल आणि शेजारच्या शिंप्याचा मुलगा सलीम. दोघं तात्यांच्या ओसरीवर एकाच सतरंजीवर बसून शिकले. आधी फुंकायला, मग वाजवायला. सलीमला काकूंनी अमोलच्याच ताटात जेवू घातलंय. पुढं दोघांचे बँड वेगळे झाले. भांडण नाही काही, पण दोघांनाही मास्तर व्हायचं होतं आणि एका बँडला मास्तर एकच असतो.

बँडवाल्यांत एक रीत आहे. मास्तर म्हणून पहिल्यांदा उभं राहताना समोर आपल्या गुरूची खुर्ची मांडायची, तिला हार घालायचा आणि सलामीची धून वाजवायची. एकदा नाही, दोनदा. पहिली गुरूला, दुसरी वाद्याला. ती वाजवताना गुरू खुर्चीत असला म्हणजे मग माणूस मास्तर झाला.

यंदा वरच्या आळीनं अमोलला बोलावलं आणि खालच्या आळीनं सलीमला. दोघांचाही पहिलाच मान. एकच दिवस, एकच वेळ!

अमोल म्हणाला, "तात्या, तुमी समोर पायजे." सलीम संध्याकाळी आला, पाया पडला आणि म्हणाला, "आवं तात्या, तुमी न्हाई आला तर मी वाजवणार कुणाला?" तात्या दोघांनाही "व्हय" म्हणून बसले! मग त्यांचं जेवण कमी झालं. एक पोटचा, एक ओसरीवर वाढवलेला. कुणाची खुर्ची रिकामी ठेवायची? इतकी वर्षं आम्ही वरचा की खालचा म्हणत हसत होतो. या वेळी कुणाला हसू येईना.

विजया मॅडमनी मोबाईल काढला आणि परत पर्समध्ये ठेवला. दोन सलाम्या एकदम सुरू होणार, तिथं गुलाबी आणि हिरवं काय करणार? धनाजी म्हणाला, "तात्या, नाणं उडवू या."

तात्या कडाडले, "पोरं हायती माझी! टॉस कसला करतोस?"

त्या दिवशी जीपमध्ये धनाजीसुद्धा गायला नाही.

गावात उतरलो. काकू सरळ खालच्या आळीकडं चालायला लागल्या, सलीमकडं. मी म्हटलं, "काकू, अमोलचं स्टेज तिकडं आहे."

"ठाऊक हाय. अमोलचं रोज घरात ऐकते, पहाटे धरनं. आज सुट्टी!" असं म्हणाल्या खऱ्या, पण डोळे पुसत गेल्या. एका लेकाकडं तरी आपलं माणूस असावं, एवढंच त्यांच्या मनात असणार.

तात्या कुठल्याच आळीला गेले नाहीत. रस्त्याच्या बरोबर मध्यावर सोसायटीचं गोडाऊन आहे आणि त्याच्या भिंतीला लागून चहाची टपरी. तिथलं स्टूल घेऊन ते रस्त्याकडं तोंड करून बसले. डाव्या हाताला वरची आळी, उजव्या हाताला खालची. मला फार वाईट वाटलं. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून माणूस दोघांनाही मुकणार! कारण त्या जागी काही ऐकू येत नाही. म्हणजे सगळंच ऐकू येतं. दोन्ही बँडांची नुसती भेळ!

तासभर उशीर झाला आणि दोन्हीकडं एकदम सलामी सुरू झाली. मी कानांवर हात ठेवले. धनाजीनं तोंड वाकडं केलं. विजया मॅडम म्हणाल्या, "अरे देवा!" तात्या मात्र डोळे मिटून, मांडीवर बोटं हलवत बसले होते.

पहिली सलामी संपली. तात्या उठले, स्टूल उचललं, उलटं फिरवलं आणि गोडाऊनच्या भिंतीकडं तोंड करून बसले! नाक भिंतीपासून वीतभर लांब. चहावाला म्हणाला, "आवं तात्या, काय झालं?" तात्यांनी नुसता हात वर केला.

आपल्याकडं बातमीला पाय लागत नाहीत. दुसरी सलामी संपायच्या आत दोन्ही आळ्यांत पोचली. तात्या रागावले! तात्या दोघांवरही रागावले! भिंतीकडं तोंड करून बसलेत!

सलामी संपली तशी दोन्ही पोरं स्टेजवरनं उड्या टाकून पळत आली. एकाच्या हातात ट्रम्पेट, एकाच्या हातात क्लॅरोनेट, दोघांच्याही टोप्या तिरक्या. त्यांच्या मागं वरची आळी, खालची आळी आणि धापा टाकत काकू. तात्या अजून भिंतीकडंच तोंड करून बसलेले.

अमोल रडवेला झाला होता. "तात्या, रागावला व्हय?"

तात्या वळले. डोळे भरून वाहत होते आणि पुसायचं त्यांना भान नव्हतं. अमोलकडं बघून म्हणाले, "तिसऱ्या वळणाला घाई केलीस. पण उचललीस छान. मला न्हाई अशी कवा जमली."

मग सलीमकडं वळले. "तू शेवटचा सूर लय धरलास रं. म्हटलं, आता सोडतो का न्हाई! पण सोडू नगंस असंच वाटत हुतं."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

सलीम म्हणाला, "आवं पण तात्या, मी वाजवत हुतो तवा तुमी तर भिंतीकडं तोंड करून बसला हुता म्हणं!"

"डावा कान पयल्यांदा अमोलच्या ड्युटीवर हुता," तात्या म्हणाले. "भिंतीकडं वळलो तवा तुझी पाळी हुती!"